गोल्डवॉटर यांची सदसद्विवेकबुद्धी

निवडणूक जिंकलेल्या माणसाला चरित्रकारांची वाण कधी पडत नाही. हरलेल्याचे तसे नसते. मतमोजणीच्या दुसऱ्याच दिवसापासून भिंतीवरच्या त्याच्या चित्रांचे कागद फाटू लागतात आणि दहा वर्षांत त्याचे नाव सामान्यज्ञानाच्या परीक्षेपुरते उरते. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे राहून पडलेल्यांची यादी चांगली लांबलचक आहे. तिच्यातली बहुतेक नावे आज तिकडच्या शाळकरी मुलांनाही सांगता यायची नाहीत. याला जे थोडे अपवाद आहेत, त्यांत ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांचे नाव आधी घ्यावे लागेल. १९६४ साली ते असे काही आपटले की ५० राज्यांपैकी अवघी ६ त्यांच्या पदरात पडली. आणि तरीही त्यानंतरच्या अर्धशतकातले अमेरिकन राजकारण समजून घ्यायचे, तर या पडलेल्या माणसाच्या दारावरून गेल्यावाचून गत्यंतर नाही.

पण मला त्यांच्याविषयी कुतूहल वाटते ते या राजकीय वारशामुळे नव्हे. राजकारणी माणसे नीतीच्या गोष्टी पुष्कळ बोलतात. तिचा हिशेब मांडून, त्या हिशेबाप्रमाणे चालून, नुकसान सोसणारी थोडी. गोल्डवॉटर हे त्या थोड्यांपैकी. त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाच्या नावातच सदसद्विवेकबुद्धी हा शब्द आहे. आणि मौज अशी (मौज म्हणवत नाही खरे तर), की या सदसद्विवेकबुद्धीने त्यांना एका प्रसंगी अशा जागी नेऊन उभे केले, जिथे त्यांच्या शेजारी उभी असलेली माणसे त्यांनी एरवी आपल्या ओसरीवरही घेतली नसती. हे कसे घडले, ते जरा सावकाशीने पाहण्यासारखे आहे.

घराण्यापासून सुरुवात करू. गोल्डवॉटर हे नाव मुळात गोल्डवासर. आजोबा मायकेल हे पोलंडमधल्या कोनिन गावच्या एका ज्यू कुटुंबातले. त्या काळी तो मुलूख रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. तरुणपणीच ते तिथून निसटले, पॅरिसला गेले, मग लंडनला जाऊन शिंपीकाम करू लागले. तिथेच त्यांचे सारा नाथन या मुलीशी लग्न झाले आणि नावालाही इंग्रजी वळण मिळाले. १८५२ साली ते धाकट्या भावाला घेऊन कॅलिफोर्नियात उतरले. सोन्याच्या खाणींसाठी तिथे त्या वेळी जगभरच्या लोकांची झुंबड उडाली होती. सोने खणत बसण्यापेक्षा खणणाऱ्यांची तहान भागवणे बरे, असा विचार करून या भावांनी सोनोरा गावी दारूचा गुत्ता घातला. तो बुडाला. मग ॲरिझोनाच्या वाळवंटात, कोलोरॅडो नदीच्या काठाने, खेचरांच्या गाड्यांवर माल लादून त्यांनी दुकानदारी सुरू केली. तीही कधी चाले, कधी बसे. फीनिक्स गावी १८७२ साली काढलेले दुकान त्यांना थोड्याच वर्षांत बंद करावे लागले. अखेर प्रेस्कॉट या गावी जम बसला आणि १८८५ साली हे पोलंडचे शिंपी त्या गावचे नगराध्यक्ष झाले. फीनिक्सला पुन्हा दुकान घातले ते त्यांच्या धाकट्या मुलाने, बॅरन यांनी, १८९६ साली. हे बॅरन म्हणजे आपल्या कथानायकाचे वडील.

ही हकीकत गोल्डवॉटर सभांतून मोठ्या अभिमानाने सांगत. सरकारकडे हात न पसरता, स्वतःच्या मनगटावर उभे राहिलेले घराणे! ते खोटे नव्हते. पण त्यात एक गोम होती. ॲरिझोनातले आजोबांचे मोठे गिऱ्हाईक कोण? तर संघ सरकारचे लष्कर. वाळवंटातल्या ठाण्यांना दाणागोटा पुरवण्याची कंत्राटे या घराण्याने घेतली होती. आणि ज्या फीनिक्समध्ये त्यांचे दुकान पुढे भरभराटले, ते शहर तरी कशाच्या जिवावर वाढले? सॉल्ट नदीवर १९११ साली संघ सरकारच्या पैशाने पुरे झालेल्या रूझवेल्ट धरणाच्या पाण्यावर. वॉशिंग्टनच्या सरकारने लोकांच्या संसारात लुडबुड करू नये असे आयुष्यभर सांगणारा हा माणूस लहानपणापासून त्याच सरकारने अडवलेले पाणी पीत आला होता. पुढे सिनेटर झाल्यावर कोलोरॅडोचे पाणी ॲरिझोनात आणणाऱ्या प्रचंड सरकारी योजनेला त्यांनी जोमाने पाठिंबाही दिला. टीकाकारांनी हे त्यांच्या तोंडावर टाकले तेव्हा त्यांचे फारसे बिनतोड उत्तर नव्हते.

बॅरींचा जन्म १९०९ च्या जानेवारीत झाला. ॲरिझोनाला तेव्हा राज्याचा दर्जाही नव्हता. तो १९१२ मध्ये मिळाला. आई जोसेफीन मोठी विलक्षण बाई होती. क्षयाची भावना झाली म्हणून कोरड्या हवेसाठी ती १९०३ साली या वाळवंटात आली. आली ती मरण्याऐवजी संसार थाटून बसली, आणि मुलगा अध्यक्षपदाची निवडणूक हरल्यानंतरही दोन वर्षे जगली. ती प्रशिक्षित परिचारिका होती. मुलांना मोटारीत घालून वाळवंटात मुक्कामाला नेई, बंदूक चालवायला शिकवी. इंडियन मुलांच्या शाळेत संध्याकाळी राष्ट्रध्वज उतरवण्याचा समारंभ होई, तो पाहायलाही ती मुलांना नेत असे. धर्माने ती एपिस्कोपल पंथाची ख्रिस्ती, आणि मुलेही त्याच पंथात वाढली. अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवणारा पहिला ज्यू रक्ताचा माणूस एपिस्कोपल निघावा यावर हॅरी गोल्डन या ज्यू विनोदी लेखकाने केलेली कोटी तिकडे बरीच गाजली होती.

राजकारणाचे बाळकडू मिळाले ते मात्र काका मॉरिस यांच्याकडून. हे काका प्रेस्कॉटचे अनेक वर्षे नगराध्यक्ष होते आणि पक्षाने पक्के डेमोक्रॅट. जे सरकार जवळ, ते डोळ्यांपुढे राहते. जे दूर, ते डोईजड होते, अशी त्यांची शिकवण. पुतण्याने पक्ष बदलला, शिकवण बदलली नाही.

शाळेत बॅरींचे डोके चालले नाही. वडिलांनी उचलून व्हर्जिनियातल्या स्टाँटन लष्करी शाळेत घातले, तिथे मात्र ते रमले. विद्यापीठात जेमतेम एक वर्ष झाले असेल-नसेल तोच १९२९ साली वडील वारले आणि वीस वर्षांचा मुलगा दुकानाच्या गल्ल्यामागे येऊन बसला. दुकानदार म्हणून ते हुषार निघाले. लाल मुंग्यांची चित्रे छापलेल्या पुरुषांच्या चड्ड्या त्यांनी विकायला काढल्या, आणि त्यांचे नाव देशभर झाले! नोकरांना विमा वगैरे सवलती त्यांच्या दुकानात होत्या. १९३४ साली पेगी जॉन्सन यांच्याशी लग्न झाले. चार मुले झाली. पण गल्ल्यावर त्यांचे मन फार वेळ ठरत नसे. विमान चालवणे, छायाचित्रे काढणे, बिनतारी संदेशयंत्राशी तासन्तास खेळणे, होपी इंडियनांच्या लाकडी बाहुल्या जमवणे असे त्यांचे नाना नाद. १९४० साली होडीतून कोलोरॅडो नदीच्या भयंकर घळईतला प्रवास करून त्याचा चित्रपट त्यांनी काढला आणि तो खांद्यावर टाकून ॲरिझोनाभर दाखवत हिंडले. पुढे मतदारांना त्यांची ओळख करून द्यावी लागली नाही ती यामुळेच. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ वैमानिक होण्यास वय आडवे आले, तेव्हा मालवाहू विमाने घेऊन ते हिंदुस्थानापर्यंत येत. आसामातून हिमालयाची रांग ओलांडून चीनला रसद पोचवणाऱ्या धोक्याच्या मार्गावरही त्यांनी उड्डाणे केली. त्या मार्गाला वैमानिक ‘हम्प’ म्हणजे उंटाचे मदार म्हणत.

आता या माणसाची एक बाजू नीट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या साऱ्या कथेची मेख तिथे आहे. युद्धावरून परतल्यावर ॲरिझोनाच्या हवाई रक्षकदलाची उभारणी त्यांच्याकडे आली. अमेरिकन सैन्यात तेव्हा काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या असत. गोल्डवॉटर यांनी आपल्या दलात तसला भेद ठेवला नाही. अध्यक्ष ट्रूमन यांनी साऱ्या सैन्यातून हा भेद काढण्याचा आदेश दिला तो त्यानंतर, १९४८ साली. फीनिक्समधल्या शाळा काळ्या-गोऱ्या मुलांसाठी एक व्हाव्यात म्हणून काळ्या नागरिकांच्या संस्थेने खटला चालवला, त्याला या दुकानदाराने पदरचे पैसे दिले. त्या संस्थेचे ते सभासदही होते. कोणी सांगितले म्हणून नव्हे, मताच्या लोभाने तर नव्हेच. ते योग्य आहे म्हणून.

१९४९ साली ते फीनिक्सच्या नगरपरिषदेवर निवडून आले, आणि तीनच वर्षांनी सिनेटमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे खुद्द नेते अर्नेस्ट मॅकफार्लंड यांना सुमारे ७ हजार मतांनी पाडून वॉशिंग्टनला गेले. आयझेनहॉवर यांच्या लाटेवर आपण तरलो, हे ते मोकळेपणाने सांगत. पण १९५७ साली याच आयझेनहॉवर यांच्या खर्चाच्या अंदाजपत्रकावर सिनेटमध्ये उठून त्यांनी कडाडून टीका केली. स्वपक्षाच्या अध्यक्षावर अशी तोफ डागणारा नवखा सिनेटर पाहून म्हातारे सभासद चकित झाले. मॅकार्थींच्या निषेधाचा ठराव १९५४ साली ६७ विरुद्ध २२ मतांनी संमत झाला तेव्हा त्या २२ जणांत गोल्डवॉटर होते हेही सांगितले पाहिजे. साम्यवादाच्या भीतीने त्यांची सदसद्विवेकबुद्धी कधी कधी डोळ्यावर कातडे ओढून घेई.

त्यांना ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ म्हणतात. या शब्दाला आपण ‘सनातनी’ किंवा ‘पुराणमतवादी’ असा प्रतिशब्द देतो आणि लगेच आपल्या डोळ्यांपुढे सोवळे-ओवळे, पोथ्या आणि कपाळावरच्या आठ्या येतात. हे अमेरिकन सनातनी निराळे. त्यांना जपायचे असते ते १७८७ साली लिहिलेल्या राज्यघटनेतले सत्तेचे वाटप. संघ सरकारला घटनेने जेवढे काम नेमून दिले तेवढेच त्याने करावे. बाकीचे राज्यांनी, गावांनी आणि मुख्यतः माणसांनी स्वतः पाहावे. गोल्डवॉटर यांनी हा विचार १९६० साली ‘द कॉन्शन्स ऑफ अ कॉन्झर्व्हेटिव्ह’ या सव्वाशेच्या आतबाहेरच्या पानांच्या पुस्तकात मांडला. लिहिण्याचे काम ब्रेंट बोझेल या तरुण लेखकाने केले, नाव गोल्डवॉटर यांचे. केंटकीतल्या एका आडगावाहून निघालेल्या या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. महाविद्यालयांतली मुले ते खिशात घालून हिंडत.

त्या पुस्तकाचा गाभा राजकीय नाही, नैतिक आहे. प्रतिपक्षाची माणसे माणसाचे पोट पाहतात, आम्ही अख्खा माणूस पाहतो, असा त्यांचा दावा. प्रत्येक माणूस दुसऱ्याहून वेगळा. त्याच्या आत्म्याची वाढ त्याने स्वतःच करायची असते, ती बाहेरून कोणी करून देऊ शकत नाही. म्हणून आपल्या आयुष्याचे निर्णय ज्याचे त्याने घ्यावेत आणि फळेही ज्याची त्याने भोगावीत. दानधर्माविषयी त्यांचे म्हणणे मोठे विचार करायला लावणारे आहे. शेजाऱ्याला मी माझ्या खिशातून मदत केली, तर माझेही भले होते आणि त्याचेही. सरकारने माझ्याकडून कर म्हणून घेऊन ती केली, की मला दानाचे पुण्य नाही आणि घेणाऱ्याला उपकाराची जाणीव नाही. उलट मत देणारा पुढारी मात्र दुसऱ्याच्या पैशावर दानशूर ठरतो. यातले शेवटचे वाक्य कोणत्या देशाला लागू पडणार नाही? पण शेजारी कंजूष निघाला तर उपाशी माणसाने काय करायचे, याचे उत्तर पुस्तकात शोधून सापडत नाही.

वर्णभेदाच्या प्रश्नावर त्या पुस्तकात एक लहान प्रकरण आहे. काळी आणि गोरी मुले एका शाळेत बसावीत हे आपल्याला शहाणपणाचे आणि न्यायाचे वाटते, असे गोल्डवॉटर त्यात सांगतात. आणि पुढच्याच दमात म्हणतात, की हे माझे मत मिसिसिपीच्या किंवा दक्षिण कॅरोलायनाच्या लोकांवर लादण्याचा मला अधिकार नाही. घटनेने शिक्षण हा विषय संघ सरकारकडे दिलेलाच नाही. त्यांनी तिथल्या लोकांचे मन वळवावे, सक्ती करू नये. ॲरिझोनातल्या दुकानदाराने स्वखुशीने उघडलेले दार मिसिसिपीतला दुकानदारही एक दिवस स्वखुशीने उघडील, ही त्यामागची श्रद्धा. ती खरी होती, यात मला शंका नाही. तिची परीक्षा चार वर्षांनी व्हायची होती.

केनेडी आणि गोल्डवॉटर यांची सिनेटमध्ये असल्यापासून चांगली मैत्री. १९६४ ला आपण दोघे समोरासमोर उभे राहिलो तर गावोगाव एकत्र हिंडून वादविवाद करू, असे त्यांचे बोलणेही झाले होते. २२ नोव्हेंबर १९६३ च्या डॅलसमधल्या गोळ्यांनी ते संपले आणि गोल्डवॉटर यांचा निवडणुकीतला उत्साहच मावळला. अनुयायांच्या आग्रहाखातर ते उभे राहिले. पक्षातले प्रतिस्पर्धी म्हणजे न्यूयॉर्कचे कोट्यधीश गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर. त्यांनी घटस्फोट घेऊन १९६३ साली एका घटस्फोटित बाईंशी लग्न केले होते. कॅलिफोर्नियातल्या पक्षांतर्गत मतदानाच्या तीन दिवस आधी त्या बाईंना मुलगा झाला, आणि लोकांना ते प्रकरण नव्याने आठवले. गोल्डवॉटर अगदी थोड्या मतांनी जिंकले. नीतितत्त्वांवर पुस्तक लिहिणाऱ्याला उमेदवारी मिळण्यास एका तान्ह्या मुलाच्या जन्माची वेळ उपयोगी पडली!

त्याच जून महिन्यात सिनेटपुढे नागरी हक्कांचा कायदा आला. खाणावळी, उपाहारगृहे, हॉटेले, नाटकगृहे यांत वर्णावरून कोणाला मज्जाव करता येणार नाही. नोकरी देताना वर्ण पाहता येणार नाही. १९५७ च्या नागरी हक्क कायद्याला गोल्डवॉटर यांनी मत दिले होते. या वेळी ते अडले. बाकी कलमे त्यांना मान्य होती. पण खाजगी दुकानदाराने कोणाला माल विकावा आणि कोणाला नोकरी द्यावी हे संघ सरकारने सांगायचे, ही दोन कलमे त्यांना घटनाबाह्य वाटली. विल्यम रेंक्विस्ट आणि रॉबर्ट बोर्क या दोन कायदेपंडितांनीही तोच सल्ला दिला. पुढे यांतले पहिले सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले. १८ जूनला गोल्डवॉटर भाषणास उभे राहिले. आपण कोणत्याही भेदभावाच्या विरुद्ध आहोत, पण हा कायदा अमलात आणायचा तर शेजाऱ्याने शेजाऱ्यावर पाळत ठेवण्याचे पोलिसी राज्य येईल, असे ते म्हणाले. माझ्या मताचा कोणी विपर्यास करणार असेल तर करो, त्याचे फळ मी भोगीन, असेही म्हणाले. दुसऱ्या दिवशी ७३ विरुद्ध २७ मतांनी कायदा संमत झाला. रिपब्लिकन पक्षाचे फक्त ६ सिनेटर विरोधात गेले, त्यांत गोल्डवॉटर. पक्षाचे सिनेटमधले नेते डर्कसेन कायद्याच्या बाजूने होते. अध्यक्षपदाची उमेदवारी हाताशी आलेली असताना बहुमताच्या विरुद्ध असे उभे राहायला धैर्य लागते, ते त्यांच्याजवळ होते.

पण फळ मी भोगीन, हे जे ते म्हणाले, तिथे हिशेब चुकला. त्यांच्या मताचे फळ भोगणारे दुसरेच होते. १९ जूनला सिनेटमध्ये मतदान झाले. २१ जूनच्या रात्री मिसिसिपीत काळ्या नागरिकांना मतदारयादीत नावे घालायला मदत करणाऱ्या तीन तरुणांचा खून पडला. त्या कटात तिथला एक पोलीस अधिकारीच सामील होता. तिघांची प्रेते ऑगस्टमध्ये मातीच्या एका बांधाखाली सापडली. ज्या राज्याच्या लोकांचे मन वळवावे असे गोल्डवॉटर सांगत होते, त्या राज्यात शंभरातल्या सातही काळ्या प्रौढांना मतदारयादीत नाव मिळाले नव्हते. मन वळवायचे कोणी, आणि कोणाचे? मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्या जुलैत एक पत्रक काढले. गोल्डवॉटर स्वतः वर्णद्वेष्टे नाहीत, पण त्यांचे तत्त्वज्ञान वर्णद्वेष्ट्यांना आधार देते, असे त्यात म्हटले होते. एका विरोधकाने दुसऱ्याविषयी इतके मोजून-मापून बोललेले मी फारसे वाचलेले नाही.

मराठी वाचकाला ही अमेरिकन पंचाईत परकी वाटू नये. महाडचे तळे अस्पृश्यांना खुले आहे असा नगरपालिकेचा ठराव कागदावर असूनही तिथले पाणी तोंडाला लावायला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला होता. त्या सत्याग्रहाचे पुढारी जेव्हा आपल्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, तेव्हा सार्वजनिक विहिरी आणि तळीच नव्हे, तर खाजगी दुकाने आणि उपाहारगृहे यांची दारेही कोणाला बंद करता येणार नाहीत, असे पंधराव्या कलमात लिहिले गेले. दुकानदाराचे मन वळेपर्यंत थांबा, असे आपल्या घटनेने सांगितले नाही. गोल्डवॉटर ज्या कलमावर अडले, ते आपल्याकडे १९५० पासून मूलभूत हक्कांत बसले आहे.

जुलैच्या मध्यावर सान फ्रान्सिस्कोच्या काऊ पॅलेस या भल्यामोठ्या सभागृहात पक्षाचे अधिवेशन भरले. रॉकफेलर बोलायला उभे राहिले, तर लोकांनी हुर्यो करून त्यांना बोलू दिले नाही. १६ जुलैला गोल्डवॉटर यांनी उमेदवारी स्वीकारली आणि त्या भाषणात स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी टोकाला जाणे हा दुर्गुण नव्हे, अशा अर्थाचे ते प्रसिद्ध वाक्य उच्चारले. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे वाक्य चालले असते. पण दक्षिणेत चर्चवर बाँब टाकणाऱ्या टोळ्या हिंडत असताना आणि रशियाशी अणुयुद्धाची धास्ती असताना घरोघर दूरचित्रवाणीपुढे बसलेल्या माणसांच्या पोटात त्याने गोळा आला. उमेदवाराने वर हात केल्यावर सभागृह दुमदुमले, आणि निवडणूक तिथेच हातची गेली.

पुढचे तीन महिने म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा याचा नमुनाच. टेनेसीत सरकारी वीजयोजनेचा लोकांना अभिमान. तिथे जाऊन हे ती विकून टाकण्याची भाषा करणार. वेस्ट व्हर्जिनियातले खाणकामगार दारिद्र्याने गांजलेले. तिथे जाऊन दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनेवर झोड उठवणार. ज्याला जे ऐकायचे नाही ते त्याच्याच गावात जाऊन सांगायचे, हा त्यांचा प्रामाणिकपणा होता की हट्ट, कोण जाणे. जॉन्सन यांच्या बाजूने ७ सप्टेंबरला एक जाहिरात दूरचित्रवाणीवर दाखवली. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या मोजते आहे, तिच्या मोजण्यातून बाँबचे उलटे आकडे सुरू होतात आणि पडदाभर अणुस्फोट. गोल्डवॉटर यांचे नाव त्यात नव्हते; ते घेण्याची गरज कोणाला भासली? ‘फॅक्ट’ नावाच्या मासिकाने तर मनोरोगतज्ज्ञांना पत्रे पाठवून १,१८९ डॉक्टर या उमेदवाराला मानसिकदृष्ट्या अपात्र ठरवतात, असे छापले. त्यांतल्या एकानेही त्यांना तपासले नव्हते. गोल्डवॉटर यांनी पुढे खटला भरला आणि ७५ हजार डॉलरची दंडात्मक भरपाई मिळवली. न तपासलेल्या माणसाच्या मनाविषयी जाहीर निदान करू नये, हा अमेरिकन मनोरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा १९७३ चा नियम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

या चिखलफेकीत त्यांनी स्वतः काय केले ते पाहा. जुलैत आपण होऊन जॉन्सन यांची भेट घेतली आणि वर्णाच्या प्रश्नावर लोकांची डोकी भडकावायची नाहीत असे दोघांत ठरवले. त्यांच्याच पाठीराख्यांनी नैतिक अधःपतनावर एक चित्रपट काढला होता. त्यात काळ्या लोकांच्या दंगलींची दृश्ये अशी घातली होती की पाहणाऱ्याला भीती वाटावी. हा वर्णद्वेषाला चिथावणारा आहे, असे म्हणून गोल्डवॉटर यांनी तो दाखवू दिला नाही. ऑक्टोबरमध्ये जॉन्सन यांचा अत्यंत विश्वासू साहाय्यक एका खाजगी स्वरूपाच्या लाजिरवाण्या प्रकरणात पोलिसांच्या हाती सापडला. दुसऱ्या कोणी त्या बातमीवर सारी निवडणूक फिरवली असती. तो माणूस हवाई राखीव दलात गोल्डवॉटर यांच्या हाताखाली होता. त्याला बायकामुले होती. गोल्डवॉटर यांनी त्याविषयी बोलण्याचे नाकारले. सल्लागार डोक्याला हात लावून बसले.

३ नोव्हेंबरला निकाल लागला. जॉन्सन यांना ४ कोटी ३१ लाख मते, गोल्डवॉटर यांना २ कोटी ७२ लाख. स्वतःचे ॲरिझोना त्यांनी पाच हजारांहूनही कमी मतांनी कसेबसे राखले. बाकीची पाच राज्ये कोणती? लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलायना. गुलामगिरीची जुनी राज्ये! यादवी युद्धानंतर पिढ्यान् पिढ्या ज्या पक्षाला तिथे दगडाची किंमत होती, त्या पक्षाला मिसिसिपीत शेकडा ८७ मते पडली. घटनेतील अधिकारांच्या वाटपाचा सूक्ष्म विचार करून मिसिसिपीच्या गोऱ्या मतदारांनी ती दिली, असे कोणी म्हणेल तर त्याने म्हणावे. ज्या माणसाने तो चित्रपट दाखवू दिला नाही, त्याला त्या चित्रपटाच्या गिऱ्हाइकांचीच मते मिळाली. आणि पक्षातल्या धूर्त लोकांनी त्या पाच राज्यांची नोंद वहीत नीट करून ठेवली.

सिनेटची जागाही गेली. गोल्डवॉटर वाळवंटातल्या टेकडीवरच्या आपल्या घरी परतले. व्हिएतनामच्या युद्धकाळात त्या घरातल्या बिनतारी यंत्रावरून रणभूमीवरच्या मुलांची त्यांच्या आयांशी, बायकांशी बोलणी जोडून दिली जात. अशी दोन लाखांवर बोलणी तिथून जोडली गेली. १९६८ साली ते पुन्हा सिनेटवर निवडून आले आणि आणखी अठरा वर्षे राहिले. ७ ऑगस्ट १९७४ च्या संध्याकाळी वॉटरगेट प्रकरणात अडकलेल्या निक्सन यांच्याकडे स्वपक्षाचे तिघे जण गेले, त्यांत हेही होते. महाभियोगातून सुटायला ३४ सिनेटर हवेत, तुमच्यामागे जेमतेम पंधरा उरले आहेत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दुसऱ्या रात्री निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला.

त्यांच्याच विचाराचे म्हणवणारे रेगन १९८० साली अध्यक्ष झाले तेव्हा, हा म्हाताऱ्याचा विजय, असे सारे म्हणाले. पण म्हाताऱ्याचे या नव्या मंडळींशी जमेना. रेगन यांच्याबरोबर धर्मोपदेशकांची एक मोठी फौज राजकारणात उतरली होती. १९८१ साली सँड्रा डे ओकॉनर या ॲरिझोनाच्याच बाईंची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक व्हायची होती. गर्भपाताच्या प्रश्नावर त्या पुरेशा कडक नाहीत, म्हणून प्रत्येक सच्च्या ख्रिस्ती माणसाने चिंता करावी, असे जेरी फॉलवेल या उपदेशकाने म्हटले. त्यावर, प्रत्येक सच्च्या ख्रिस्ती माणसाने या फॉलवेलला लाथ घालावी, अशा आशयाचे उत्तर गोल्डवॉटर यांनी दिले. कुठे घालावी तेही सांगितले होते. दिवाळी अंकात ते छापता येणार नाही. सिनेटमध्ये त्यांनी बजावले की कोणत्याही धर्मपंथाने आपली नीती कायद्याने साऱ्यांवर लादू पाहिली तर मी तिच्याशी लढेन. पत्नी पेगी यांनी तर १९३० नंतरच्या दशकातच ॲरिझोनात संततिनियमनाच्या चळवळीचा पाया घातला होता. १९९३ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, समलिंगी स्त्रीपुरुषांना सैन्यात उघडपणे नोकरी करू द्यावी, असा लेख त्यांनी लिहिला. सैनिकाचा नेम सरळ असला म्हणजे झाले, बाकी चौकशी सरकारने करू नये, असे त्यांचे म्हणणे. १९६४ सालचेच सूत्र ते: माणसाच्या खाजगी दारात सरकारने पाऊल टाकू नये. फरक इतकाच, की या वेळी दाराच्या आत दुबळा माणूस होता.

त्यांच्याच अनुयायांना हे मानवले नाही. १९९२ साली त्यांनी संसदेच्या एका जागेसाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाईंना पाठिंबा दिला, तेव्हा ॲरिझोनातल्या पक्षकचेरीच्या इमारतीवरचे त्यांचे नाव पुसून टाका, अशी मागणी पक्षातूनच पुढे आली. १९९६ साली अध्यक्षपदाचे उमेदवार बॉब डोल त्यांना भेटायला आले होते. आता या पक्षातले उदारमतवादी म्हणजे आपण दोघे, कल्पना तरी करवते का, असे ८७ वर्षांचे गोल्डवॉटर त्यांना म्हणाले. २९ मे १९९८ रोजी पॅराडाइझ व्हॅलीतल्या त्याच टेकडीवरच्या घरी ते वारले.